एप्पीने निवडलेली भिंत

इनेसने जड पिशवी टेबलावर उपडी केली आणि एप्पी काउईच्या चहाच्या कपाशेजारी रंगीबेरंगी तुकड्यांचा ढीग पडला. प्रत्येक तुकडा शाळेच्या पाटीएवढा. पांढरे, राखाडी, वाळूच्या रंगाचे, एक गडद हिरवा, आणि एक तर थेट संगमरवरासारखा, आत सोनेरी रेघा असलेला.

"हे काय रे?" तिने विचारलं.

"तुमच्या बाथरूमच्या भिंती," इनेस म्हणाला. तो हाउसिंग संस्थेचा माणूस. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या बकी गावातल्या संस्थेच्या सगळ्या इमारतींची दुरुस्ती त्याच्याकडे होती. "आता टाइल्स नाहीत. त्या काढून हे पॅनेल लावायचे. छतापासून खालपर्यंत सलग भिंत. पाणी आत शिरायला फटच नाही. फक्त एक आहे, आठही घरांत एकाच प्रकारचं लागेल, माल एकदम मागवायचाय. कोणतं ते तुम्ही आपसांत ठरवा. म्हणजे कुणीतरी घरोघर जाऊन..."

"मी जाते."

"मी अजून विचारलं कुठे?"

"विचारणारच होतास. मी जाते म्हटलं ना."

इनेसने हसून पिशवी तिथेच सोडली. तो जिना उतरून गेला तरी एप्पी संगमरवरी तुकडा हातात धरून खिडकीपाशी उभी होती. उजेडात तिरका केला की सोनेरी रेघ चमकायची, सरळ केला की लपायची. दुपारचं सूप गॅसवर तसंच निवून गेलं.

त्याला कारण होतं. एप्पी चौसष्ट वर्षांची होती आणि आजवर तिने एकही भिंत निवडली नव्हती. ती जन्मली त्या कोळ्यांच्या घरात बाथरूमच नव्हतं. शेकोटीपुढे पत्र्याचा टब मांडायचे आणि सगळी भावंडं एकाच पाण्यात एकामागून एक. लग्न होऊन ती सँडीबरोबर या इमारतीत आली तेव्हा न्हाणीघर उकडलेल्या वाटाण्याच्या रंगाचं होतं. पुढे माणसं आली आणि ते फिकट गुलाबी करून गेली. मग आणखी कोणी आले आणि पांढऱ्या टाइल्स बसवून गेले, मधूनमधून एकेका टाइलवर पिवळा शिंपला. हा शिंपला एप्पीला पहिल्या दिवसापासून डोळ्यांपुढे नको झाला होता. पण विचारलं कुणी? माणसं सकाळी यायची, भिंतीवर काहीतरी चिकटवायची, चहा पिऊन जायची. ती मासे कापायच्या कारखान्यात जायची, नंतर शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली, सँडी वारला, मुलगी ॲबर्डीनला गेली, शिंपले मात्र जागच्या जागी. त्यांच्यामधल्या रेघांत काळी बुरशी धरायची, आणि एप्पी जुन्या टूथब्रशने ती घासायची. घासून झालं की चार दिवस बरं दिसायचं.

आता मात्र तिने असं काम हातात घेतलं की शेजारच्या नेटाला वाटलं, बाईला ताप चढला असावा.

"हे काय चाललंय?" नेटाने बाथरूमच्या दारातून विचारलं. बाथटब अर्धा पाण्याने भरला होता आणि त्यात सगळे तुकडे बुडवलेले होते. एकावर बीटचं लोणचं ओतलेलं, एकावर केसांचा रंग फासलेला.

"परीक्षा."

"कसली?"

"भिंत पाण्यात राहणार ना? मग राहून दाखवू दे. तो तपकिरी काठाचा बघ, कालच फुगला. आत भुसा दाबून भरलाय. पाणी लागलं की पावासारखा वर येतो. तो बाद." एप्पीने दुसरा तुकडा उचलून बोटाने वाजवला. "हा ऐक. रिकाम्या डब्यासारखा वाजतो. आत पोकळ, प्लास्टिकचा. पाण्याला भीत नाही, पण तू घसरून आदळलीस तर भोक पडेल."

"मीच का आदळेन?"

"उदाहरण दिलं गं. आणि हा वाजव. वाजतच नाही बघ. आत चांगलं प्लायवूड. यावर बीटसुद्धा टिकलं नाही."

नेटा रॉबसन मूळची इंग्लंडची, हल या बंदराची. लग्नाने बकीत आली त्याला चाळीस वर्षं झाली, पण बाजारात तिची ओळख अजून 'ती हलची' अशीच होती. जीभ तिखट, पण एप्पीने हाक मारली आणि ती आली नाही असं कधी झालं नव्हतं. तिनेही बाही वर सारली आणि केसांचा रंग घासायला बसली.

तुकड्यांवरून भिंतीचा अंदाज येईना, म्हणून दोघी बसने एल्गिनला गेल्या. तिथल्या मोठ्या दुकानात आख्खी बाथरूमं मांडून ठेवली होती, ओळीने, दारं नसलेल्या खोल्यांसारखी. एप्पी एकेका खोलीत शिरायची, भिंतीवर तळहात फिरवायची, नाक लावून वास घ्यायची. दुकानातला माणूस आधी मागे मागे होता, मग कंटाळून काउंटरवर जाऊन बसला.

शेवटच्या कोपऱ्यात ती भिंत उभी होती. संगमरवरी, चकचकीत, सोनेरी रेघांची, छतापर्यंत. एप्पी कोटासकट शॉवरच्या जागेत जाऊन उभी राहिली. नेटा तिच्यामागून आत शिरली.

"राजवाडा आहे गं," एप्पी हळूच म्हणाली.

"राजवाड्यात नळ कसला आहे तो बघू," नेटा म्हणाली आणि तिने नळाची मूठ फिरवली.

दुकानात तेवढा एकच शॉवर खऱ्या पाण्याला जोडलेला होता. गार पाण्याचा लोंढा दोघींच्या डोक्यावर आला. नेटा किंचाळत मूठ उलटी फिरवायला गेली तर पाणी आणखी जोरात आलं. दुकानदार धावत आला. तो "बाई, बाजूला व्हा" म्हणतोय, नेटा त्याला हलच्या भाषेत काय काय ऐकवतेय, आणि एप्पी मात्र टकमक भिंतीकडे बघतेय. पाणी पॅनेलवरून सरळ खाली घरंगळत होतं. कुठे थांबत नव्हतं, कुठे मुरत नव्हतं.

"नेटा, बघ तरी," ती म्हणाली. "एक थेंब चिकटत नाही."

"माझ्या अंगाला चिकटले सगळे," नेटा म्हणाली. "घे ही भिंत. घे आणि चल."

परतीच्या बसमध्ये दोघींच्या सीटखाली तळं साचलं होतं आणि दोघी हसून हसून थकल्या होत्या.

त्या आठवड्यात एप्पीने सहा दारं ठोठावली. संगमरवरी तुकडा पुढे केला की माणसं आधी तोंड वाकडं करायची, मग हातात घ्यायची, मग खिडकीपाशी न्यायची. सगळ्यांनी होकार दिला. राहिला फक्त तळमजल्यावरचा डॉड स्लेटर.

डॉड ब्याऐंशीचा. तरुणपणी एप्पीच्या वडिलांच्याच बोटीवर होता, तिला लहानपणी खांद्यावर बसवून धक्क्यावर नेलेलं, त्यामुळे ती त्याला अजून अहोजाहो करायची. अलीकडे तो बाहेर फारसा दिसत नसे. दार उघडायला त्याला बराच वेळ लागला.

"डॉड, मी एप्पी. भिंत दाखवायला आलेय."

"ऐकलंय मी. तुला आवडेल ती लाव."

"असं कसं? हातात तरी घ्या."

त्याने तुकडा घेतला, चेहऱ्यासमोर धरला, मान जरा बाजूला वळवली आणि म्हणाला, "छान आहे. चकाकी छान आहे."

तुकड्याची मागची बाजू त्याच्याकडे होती. कोरी, तपकिरी लाकडाची.

एप्पीने तुकडा परत घेतला आणि विचारलं, "तुमची बाथरूम बघू? माप घ्यायचंय." माप घ्यायचं काम तिचं नव्हतंच, पण त्याने मानेने हो म्हटलं.

आत जाऊन ती उभीच राहिली. पांढऱ्या भिंती, पांढरं बेसिन, पांढरं कमोड, पांढरा टब, टबाजवळ धरायची दांडी तीही पांढरी. आणि या सगळ्यावर जिथे तिथे केशरी दोरी गुंडाळलेली, मासेमारीच्या जाळ्याची. दांडीला, नळाला, फ्लशच्या खटक्याला, टबाच्या काठाला. वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले, गाठी खलाशाच्या.

"मधलं काही दिसत नाही आता," डॉड मागून म्हणाला. "कडेकडेने दिसतं. पांढऱ्यावर पांढरं तर मुळीच नाही. दोरी दिसते."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. वसंतात पडलो एकदा. दांडी म्हणून भिंत धरायला गेलो." तो थांबला. "कुणाला सांगू नकोस, एप्पी. इनेसच्या कानावर गेलं तर मला म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन टाकतील. मी इथून हलणार नाही."

"मी कशाला सांगू?"

"बापाची शपथ?"

"बापाची शपथ," एप्पी म्हणाली. आणि वर येऊन तिने संगमरवरी तुकडा टेबलावर ठेवला, तोंड खाली करून.

आता पंचाईत अशी की सगळ्या इमारतीला तिनेच त्या चकाकीचं वेड लावलं होतं. दुसऱ्या दिवशी नेटाला तिने सहज सांगावं तसं सांगितलं, "मला वाटतं, तो गडद हिरवा बरा. चमकणारा नको."

नेटाने कप खाली ठेवला. "काय?"

"संगमरवरावर साबणाचे डाग दिसतील."

"तूच म्हणालीस की एक थेंब चिकटत नाही. मी भिजले त्यासाठी. माझा कोट अजून वाळतोय."

"विचार बदलला."

"एप्पी काउई, तुला खोटं बोलता येत नाही. चाळीस वर्षांत जमलं नाही, आता काय जमणार? काय झालंय?"

"सांगता येत नाही."

"मग मी संगमरवरच घेणार," नेटा म्हणाली आणि दार आपटून गेली. दोन दिवस तिने जिन्यात नुसती मान हलवली. आजवर दोघी अशा अबोल कधीच राहिल्या नव्हत्या.

त्या दोन दिवसांत एप्पीने डोकं चालवलं. डॉडची गोष्ट सांगायची नाही, पण डॉडच्या डोळ्यांनी सगळ्यांना बघायला लावायचं, हे तर तिला मना नव्हतं. ती एल्गिनच्या दुकानात पुन्हा गेली. दुकानदाराने तिला ओळखून नळाकडे धाव घेतली. तिने त्याच्याकडून दोन मोठे पॅनेल उसने मागितले, एक संगमरवरी, एक गडद हिरवा, चकाकी नसलेला. आणि पांढऱ्या दोन दांड्या. त्याने इनेसच्या गाडीतून पाठवून दिले, बहुधा ती पुन्हा येऊ नये म्हणून.

शनिवारी इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत सभा भरली. इनेस आला होता. एप्पीने बटरी, म्हणजे तिकडचे लोणी घातलेले खारे पाव, भाजल्या होत्या आणि चहाची मोठी किटली ठेवली होती. डॉडलाही ती स्वतः हात धरून घेऊन आली होती, दाराशेजारच्या खुर्चीत बसवला होता. भिंतीला दोन्ही पॅनेल टेकवलेले, प्रत्येकावर एक पांढरी दांडी ठोकलेली. टेबलावर चष्मे, आणि चष्म्यांवर व्हॅसलीन फासलेलं.

"हे काय सर्कस मांडलंय?" नेटाने विचारलं.

"अंघोळ करताना आरशावर वाफ धरते की नाही?" एप्पी म्हणाली. "डोळ्यांत साबण जातो की नाही? चष्मा काढलेला असतो की नाही? तेव्हा दांडी सापडली पाहिजे. भिंत चांगली आहे की नाही ते कोरड्या डोळ्यांनी नाही, ओल्या डोळ्यांनी बघायचं. ये, तूच पहिली."

नेटाने चष्मा चढवला. संगमरवरासमोर गेली, ऐटीत हात पुढे केला, आणि तिची मूठ हवेत मिटली. पुन्हा पुढे केला. या वेळी दांडीवर बोटं आपटली.

"आई गं. दांडी हलवलीस काय?"

"हलवली नाही. आता हिरव्यासमोर जा."

हिरव्यासमोर ती सरळ गेली आणि दांडी गच्च पकडून उभी राहिली.

मग जो तो पुढे आला. वरच्या मजल्यावरची जाडजूड जोडी एकमेकांना ढकलत आली. कोणी संगमरवराला मिठी मारली, कोणी नुसतीच हवा चाचपली. हसण्याने खोली दणाणली. इनेसनेही चष्मा चढवला आणि त्याचाही हात चुकला.

"पण मग दांडी काळी लावू," तो म्हणाला. "भिंत संगमरवरी राहू दे."

"आणि कमोड? बेसिन? टब?" एप्पीने विचारलं. "तेही काळे देणार आहेस?"

"नाही. ते पांढरेच येतात."

"म्हणून म्हणते, बदलायची ती भिंत."

"मी बघतो," दाराकडून डॉड म्हणाला. तो उठला होता. कोणीतरी त्याच्यापुढे चष्मा धरला.

"मला तो नको," डॉड म्हणाला. "मला असंच दिसतं."

हसणं थांबलं. तो मान जराशी बाजूला वळवून चालत गेला, संगमरवरासमोर थांबला, हात पुढे केला तर काही सापडेना. मग वळला. हिरव्या पॅनेलच्या दिशेने चार पावलं टाकली आणि दांडी धरली, बोटीवर कठडा धरावा तशी.

"ही," तो म्हणाला. "ही मला दिसते."

नेटाने चष्मा काढला. एप्पीकडे एकदा बघितलं. मग इनेसकडे वळून म्हणाली, "हिरवी. लिहून घे. आणि कोणाला संगमरवर हवा असेल त्याने आधी माझ्याशी बोलावं."

"एक सांगू?" इनेस म्हणाला. "एकाच कंपनीचे दोन रंग मागवले तरी माल एकदमच येतो. दांडी, कमोड, बेसिन ज्या बाजूला आहेत ती भिंत हिरवी करू. उरलेल्या दोन फिकट घ्या, संगमरवरी नक्षीच, फक्त चकाकी नसलेली."

"हे आधी का नाही बोललास?" नेटाने विचारलं.

"आधी कोणी मला व्हॅसलीन लावलं नव्हतं."

सभा संपल्यावर इनेस डॉडशेजारी बसला. डॉडचा जबडा घट्ट झाला होता. इनेस म्हणाला की कुणी कुणाला कुठे नेत नाही, उलट डोळ्यांसाठी घरी येणारी एक बाई आहे, दिवे कुठे हवेत ते ती सांगते. डॉड म्हणाला, "तिला चहा देईन. सल्ला ऐकेनच असं नाही." एवढ्यावर दोघांचं जमलं.

काम ऑक्टोबरात सुरू झालं. कारागीर वाल्देक, पोलंडहून आलेला, गोड माणूस. एप्पीने हट्ट धरला की आधी डॉडचं घर. आणि स्वतःच्या घरी पहिला घाव तिचा. वाल्देकने हातोडी तिच्या हातात दिली, गॉगल चढवला आणि तो बाजूला झाला. एप्पीने पिवळ्या शिंपल्यावर नेम धरला. पहिल्या फटक्याला तडा गेला, दुसऱ्याला टाइल निखळून टबात पडली.

"आणखी एक?" वाल्देकने विचारलं.

"सगळे शिंपले माझे," ती म्हणाली.

टाइल्सखाली गिलावा ओला चिंब होता, हाताने खरवडला तर केकसारखा येत होता. वाल्देकने जीभ टाळूला लावून आवाज केला. सगळं काढून, वाळवून, नवे बोर्ड ठोकायला हवे होते. एप्पी चक्क खूश झाली. इतकी वर्षं बुरशी आपल्या आळसाने येते असं ती समजत होती. आता कळलं, ती आतून येत होती, टूथब्रश पोचूच शकत नव्हता तिथून. ते दिवस ती नेटाकडे अंघोळीला गेली, आणि नेटाचं काम चालू झालं तेव्हा नेटा कुठे जाणार यावर दोघींची रोज भांडणं झाली.

मग पॅनेल चढले. एकाच्या कडेची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसायची, मध्ये चिकट सीलंटची बारीक धार, खट्ट आवाज आणि झालं. एप्पी दारात स्टूल टाकून बसली होती. प्रत्येक खट्टला ती उठून बोट फिरवायची. वाल्देक म्हणायचा, "ओलं आहे, हात नको," आणि ती म्हणायची, "हात कुठे, बोटच."

डॉडची बाथरूम सगळ्यांत आधी पूर्ण झाली होती, त्या सकाळी एप्पी खाली त्याच्याकडे गेली. तो उंबऱ्यावर थांबला. हिरवी भिंत शांत, गडद, समुद्र ढगाखाली असतो तशी. त्याने मान वळवली आणि बोट दाखवायला लागला.

"दांडी. बेसिन. ते कमोड. नळ." तो आत गेला, टबाचा काठ बरोबर धरला, वाकून प्लग उचलला. "एप्पी, मला प्लग दिसला गं."

"दिसला ना?"

"साखळीसुद्धा."

तिने त्याला घट्ट मिठी मारली. बकीत मोठी माणसं एकमेकांना मिठ्या मारत नाहीत, त्यामुळे दोघंही नंतर जरा अवघडली आणि हवापाण्याचं बोलू लागली.

स्वतःच्या बाथरूममधली पहिली अंघोळ एप्पीने दुपारी केली, कामाचा दिवस, इमारत रिकामी, मुद्दाम. गरम पाणी सोडलं, वाफ भरू दिली आणि ओल्या डोळ्यांनी भिंतीकडे बघितलं. मग मुलीला ॲबर्डीनला फोन लावला, केसांतून पाणी गळत असतानाच.

"लोर्ना, माझी भिंत बघायला कधी येतेस?"

"आई, भिंत बघायला?"

"रविवारी ये. हॅडॉक माशाचं सूप करते. पण आधी भिंत."

नाताळाआधी इनेसचा निरोप आला. शेजारच्या कलन गावातल्या एका इमारतीचं काम निघालंय, तिथले लोक रंगावरून हातघाईवर आलेत, याल का? एप्पीने कोट घेतला, तुकड्यांची पिशवी घेतली आणि नेटाचं दार वाजवलं.

"कुठे?" नेटा म्हणाली.

"कलनला. भिंती निवडायला."

"आपल्या नाहीत ना?"

"नाहीत. म्हणूनच लवकर निघ, बस चुकेल."

बस येईपर्यंत दोघी धक्क्याच्या वाऱ्यात उभ्या होत्या, आणि एप्पी नेटाला समजावत होती की तिथे गेल्यावर आधी सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत, उजेड कुठून येतो ते बघायचं, रंगाचं नंतर.